सरदारभाऊंचं देणं

छत ऐकायला मला सरदारभाऊंनी शिकवलं. कोळसा खाणीत मी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी जमिनीखाली, आणि धडधाकट निवृत्त झालो. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. कुणाचं ऋण सर्वांत मोठं असं मला विचारलं, तर आई-वडिलांनंतर मी भाऊंचंच सांगेन. ‘सरदार’ हे त्यांचं आडनाव नव्हे. माइनिंग सरदार हा खाणीत कायद्याने नेमलेला माणूस असतो. त्याच्याकडे सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र असतं, खाणीचा ठरावीक भाग त्याच्या ताब्यात असतो आणि त्या भागात उतरलेल्या प्रत्येकाच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर असते. भाऊंनी ही जबाबदारी वर्षानुवर्षं वाहिली. पुढे ते व्हीटी सेंटरवर शिकवायला आले, तरी लोकांच्या तोंडी सरदारभाऊच राहिले.

व्हीटी सेंटर म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण केंद्र. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वणी, माजरी, उमरेड या आमच्या कोळसा पट्ट्यात हे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं; पट्ट्याबाहेर फारसं कुणाला नसतं. खाण अधिनियम १९५२ चा आणि त्याखालचे प्रशिक्षणाचे नियम १९६६ चे. प्रशिक्षण झाल्याशिवाय माणसाला खाणीत कामाला लावायचं नाही, ठरावीक वर्षांनी त्याला पुन्हा वर्गात बसवायचं, आणि या काळाचं वेतन मालकाने द्यायचं, असं ते नियम सांगतात. नियम चांगले आहेत. पण नियमाने केंद्र उभं राहतं, फळा येतो, हजेरीपट येतो. शिकवणारा माणूस कसा मिळेल हे नियमाच्या हातात नसतं. आम्हाला भाऊ मिळाले.

१९८८ साली आमची जमीन खाणीत गेली. वर्धा नदीच्या अंगाची काळी, कसदार जमीन. कापूस, तूर, ज्वारी. मोबदला मिळाला आणि घरातल्या एकाला नोकरी. तो एक मी. आमच्या तुकडीत बहुतेक पोरं अशीच, जमिनीच्या बदल्यात नोकरी लागलेली. वखर, डवरा, बैल, पऱ्हाटी यांतलं सगळं कळत होतं. खाण म्हणजे काय ते मात्र लांबून दिसणाऱ्या मातीच्या ढिगांपलीकडे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी भाऊ वर्गात आले आणि त्यांनी विचारलं, “कोनाकोनाची जमीन गेली?” जवळजवळ सगळे हात वर गेले. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आतापर्यंत जमीन तुमच्या पायाखाली व्हती. आता थे डोक्यावर राहीन. येवढं ध्यानात घ्या, बाकी मी शिकवतो.”

केंद्राच्या मागे एक नकली गॅलरी बांधलेली होती. खऱ्या खाणीतल्यासारखी रुंदी, वर दगडी छत, मध्ये लाकडी प्रॉप म्हणजे टेकू, रुळांचा तुकडा, कोळसा वाहायचा एक टब. छतात एका जागी मोठी शिळा मुद्दाम सैल बसवली होती. कोणती, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. भाऊ डोळ्यांवर दुपट्टा बांधत, हातात सब्बल देत आणि छत ठोकायला सांगत. दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवायची. पक्कं छत खणखणतं आणि बोटांना काही जाणवत नाही. वरच्या थरापासून सुटलेलं छत ढबढब वाजतं आणि बोटांखाली बारीक थरथरतं. माझी आई बाजारात माठ टिचकी मारून घ्यायची, त्यामुळे माझ्या कानाला हा फरक लवकर कळला. काहींना दिवस लागले. भाऊंनी कुणाला घाई केली नाही. ज्याचा कान तयार झाला नाही त्याच्या कागदावर ते सही करत नसत. मग वरून फोन आला तरी नाही.

कान तयार झाला की मग पायांची शिकवण. टेकू दिलेल्या छताखाली उभं राहूनच पुढचं छत ठोकायचं. चांगल्या बाजूने सुरू करून वाईटाकडे जायचं. आपण जे ठोकतोय त्याच्या खाली आपण नसायचं. मागे परतायची वाट मोकळी आहे ना, हे आधी वळून बघायचं. छताइतकंच बाजूंकडेही लक्ष द्यायचं, कारण कोळशाची भिंतही सुटते. सुरुंग उडाल्यावर धूर निघून जाईपर्यंत कुणी पुढे जायचं नाही; मग सरदार आणि छत-बाजू साफ करणारा ड्रेसर पुढे जाणार, सैल झालेलं पाडणार, टेकू लागणार, आणि त्यानंतर कोळसा भरणारे लोडर. हा क्रम ते आमच्याकडून इतक्या वेळा करून घेत की पाय आपोआप जागच्या जागी थांबायचे.

खाणीतला मृत्यू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्फोट येतो, आग येते. आपल्या देशातल्या भूमिगत कोळसा खाणींत अनेक दशकं सर्वांत जास्त माणसं मारली ती छत आणि बाजू कोसळण्याने. बहुतेकदा एका वेळी एक माणूस, फार तर दोन. म्हणून पेपरात दोन ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी पाळी नेहमीसारखी सुरू होते. भाऊंचं सगळं शिकवणं या एका-एका माणसासाठी होतं.

मोठे अपघातही त्यांनी शिकवले, पण पुस्तकातले म्हणून नाही. ते मूळचे पेंच खोऱ्यातले, छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाच्या बाजूचे. १० डिसेंबर १९५४ रोजी तिथल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं आणि साठहून अधिक माणसं बुडाली. तेव्हा तो मुलूख मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. भाऊ दहा वर्षांचे होते. खाणीच्या तोंडाशी जमलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्याबद्दल ते एवढंच सांगत, जास्त नाही. मग फळ्याकडे वळून २७ डिसेंबर १९७५ लिहीत आणि त्याखाली ३७५. धनबादजवळच्या चासनाला खाणीत त्या दिवशी पाणी फुटलं आणि ३७५ माणसं गेली. ‘काला पत्थर’ हा १९७९ चा सिनेमा त्यावर बेतलेला, हे आम्हा पोरांना ठाऊक होतं. पाणी कुठून येतं आणि ते कसं अडवायचं, हे कुठल्याच सिनेमाने सांगितलं नव्हतं. ते भाऊंनी सांगितलं. सोडून दिलेल्या जुन्या कामांत पाणी साठून राहतं. अशी जागा साठ मीटरच्या आत असेल, किंवा नुसता संशय असेल, तरी परवानगीशिवाय कामाचं तोंड पुढे न्यायचं नाही. न्यायचं तर आधी पुढे बोअर मारत मारत जायचं. हे मॅनेजर आणि सर्व्हेअरचं काम. “मंग आपलं काम काय?” असं विचारून भाऊ स्वतःच उत्तर देत. कोळसा रोजच्यापेक्षा ओला दिसतोय, भिंतीला घाम सुटलाय, पाण्याला कुजका वास येतोय, हे ज्याला आधी दिसतं तो लोडर असतो, सर्व्हेअर नव्हे. त्याने बोललं पाहिजे, आणि ते ऐकणारा वर कुणी पाहिजे.

गॅसचंही तसंच. आमच्या खोऱ्यातल्या बहुतेक खाणी गॅसच्या हिशेबाने पहिल्या दर्जाच्या, म्हणजे सर्वांत कमी गॅसच्या. त्यामुळे माणसं निर्धास्त असतात. भाऊंना याचीच भीती होती. मिथेन हलका, तो छतालगत जमतो. हवेत तो साधारण पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगीची वाट बघत असतो. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली जाळीचा दिवा बनवला, त्याच्याच वंशातला सेफ्टी लॅम्प भाऊंच्या हातात असे. वात बारीक करून ते तो हळूहळू छताकडे नेत. गॅस असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते, आणि टोपीच्या उंचीवरून प्रमाण कळतं. जमिनीलगत नेला आणि ज्योत मंदावली, तर तिथे प्राणवायू कमी. इथला कोळसा आणखी एका बाबतीत वाईट: तो आपोआप तापतो. काढून झालेल्या भागात, ज्याला आम्ही गोफ म्हणतो, तिथे उरलेला कोळसा हवा लागून गरम होत जातो. छतावर दव धरतं, हवेत धुकं दिसतं, एक विचित्र, रॉकेलसारखा वास येतो. आणि कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना रंग ना वास.

त्यासाठी कमरेला सेल्फ रेस्क्युअर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र, असतो. आमच्या वेळचा फिल्टरचा होता. त्यातलं हॉपकॅलाइट नावाचं रसायन कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं आणि ही क्रिया होताना उष्णता निघते. म्हणजे बाहेर विष जितकं जास्त, तितकी तोंडात येणारी हवा गरम. घाबरलेल्या माणसाला वाटतं यंत्र बिघडलं, भाजतंय, आणि तो ते तोंडातून काढतो. हे भाऊ नुसतं सांगून थांबले नाहीत. त्यांनी केंद्रात मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, नाकाला चिमटा लावला आणि सर्दीला वाफारा घेतात तसं प्रत्येकाला तोंडाने वाफ ओढत बसवलं. आम्ही तोंड वळवलं की म्हणायचे, “गरम लागते म्हंजे थे काम करून राह्यलं. काढशीन त मरशीन.” त्याच बैठकीत त्यांनी हेही सांगितलं की हा फिल्टर प्राणवायू तयार करत नाही, हवेत प्राणवायूच नसेल तर त्याचा उपयोग नाही. स्वतः प्राणवायू देणारे रेस्क्युअर पुढे आले. यंत्राची मर्यादाही इतक्या स्पष्टपणे सांगणारा शिक्षक मला नंतर क्वचितच दिसला.

खरोखरच्या खाणीत पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी आत गेल्यावर सगळ्यांचे कॅपलॅम्प बंद करायला लावले. तसा काळोख वर कुठेच नसतो. अमावास्येच्या रात्री शेतातही नसतो. दोन-चार जण हुंदके दिल्यासारखे श्वास घ्यायला लागले. भाऊंचा आवाज आला, “वारा कुठून येते सांगा.” शेतकऱ्याच्या पोराला वारा विचारला की तो सावरतो. ताज्या हवेच्या रस्त्यात वारा तोंडावर येत असेल तर तोंड बाहेरच्या दिशेला आहे. आग लागली, दिवा गेला, तर भिंतीला हात लावून वाऱ्याकडे चालायचं. आणि खाणीला बाहेर पडायला दोन वाटा असतात. दुसरी वाट प्रत्येकाने स्वतः चालून पाहिलेली असली पाहिजे. त्या दिवशी त्यांनी आम्हाला दुसऱ्या वाटेनेच बाहेर काढलं. पुढे आयुष्यभर, बदली होऊन नव्या खाणीत गेलो की मी पहिल्या आठवड्यात दुसरी वाट चालून यायचो.

१९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं. ७१ जण अडकले, त्यांतले सहा बुडाले. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीतून मोठा बोअर मारून घेतला, पोलादी कॅप्सूल बनवून घेतली आणि पहिल्यांदा स्वतः तीत बसून खाली उतरले. १६ नोव्हेंबरला उरलेले ६५ जण वर आले. ती बातमी भाऊंनी आम्हाला मुद्दाम बोलावून सांगितली. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. चिखलीच्या तोंडाशी उभं राहिलेल्या त्या पोराला, अडकलेली माणसं जिवंत वर येऊ शकतात हे पाहायला पस्तीस वर्षं लागली होती.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो, ज्या दिवसाने मला खऱ्या अर्थाने त्यांचा ऋणी केलं. मी तेव्हा डीपिलरिंगच्या सेक्शनमध्ये ड्रेसरच्या हाताखाली होतो. डीपिलरिंग म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब शेवटी काढून घेणं. खाणीतलं सर्वांत नाजूक काम. भाऊ नवीन तुकडी घेऊन दाखवायला आले होते. गोफच्या कडेजवळ ते थांबले. एका प्रॉपने बारीक कटकट आवाज केला. छतातून दोन-चार कपच्या झरल्या. त्यांनी सब्बल मागितली, ठोकलं, बोटं टेकवली, दुसरीकडे ठोकलं. मग सेक्शनच्या सरदाराला म्हणाले, “मानसं काढ.” तो तरुण होता. महिनाअखेर होती, उत्पादनाचा आकडा मागे होता. तो घुटमळला. भाऊ त्याच्या कानाशी लागून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात काही बोलले. त्याने माणसं काढली, तारेचं कुंपण लावलं, वहीत लिहिलं. त्याच्या सहीखाली भाऊंनीही आपली सही केली, ती करायची त्यांना गरज नव्हती.

छत पडलं नाही. त्या पाळीत नाही, दुसऱ्या पाळीत नाही, तिसऱ्याही नाही. वर बोलावणं झालं, उत्पादन बुडाल्याचा हिशेब मागितला गेला. चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले की भाऊंचे कान गेले, म्हातारपणी भित्रे झाले. जादा कॉग, म्हणजे लाकडी ओंडके रचून केलेले टेकू, आणि प्रॉप लावून काम पुन्हा सुरू झालं आणि ते खांब नेहमीच्या रीतीने निघाले. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेलो आणि धीर करून विचारलं, “भाऊ, पडलं तर नाही ना शेवटी?” ते रागावले नाहीत. म्हणाले, “नाई पडलं हे चांगलंच झालं ना रे. मी काही पैज लावली व्हती का? ज्या टायमाले आयकू आलं, त्या टायमाले काढाचं. पडल्यावर त सबनच सांगते.”

माणसं बाहेर काढण्याचा निर्णय बरोबर होता की नाही, हे नंतर छत पडलं की राहिलं यावरून ठरत नाही. त्या घटकेला जे दिसलं, जे ऐकू आलं, त्यावरून ठरतं. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून ते कळलंही नसतं. अख्ख्या खाणीची थट्टा सोसत शांतपणे भाकरी मोडणारा माणूस समोर बसलेला पाहिला म्हणून ते कळलं. पुढे मी सरदार झालो. माझ्यावरही अशी वेळ आली, एकदा नव्हे. काही वेळा छत पडलं, काही वेळा पडलं नाही. दरवेळी मी वहीत लिहिलं आणि वर जाऊन उत्तर दिलं.

सरदारकीची परीक्षाही त्यांच्याच ओसरीवर बसून झाली. मॅट्रिक झालेला होतो, पण अभ्यासाची सवय सुटली होती. परीक्षा खाण सुरक्षा महासंचालनालयाची, मुख्यालय धनबाद. सोबत प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं आणि गॅस तपासण्याचंही. भाऊ खडूने ओसरीच्या फरशीवर हवेचे रस्ते काढत: ही इनटेक, म्हणजे आत येणारी हवा, ही रिटर्न, म्हणजे परत जाणारी, हा पंखा, इथे स्टॉपिंग, म्हणजे हवा अडवणारी भिंत, फुटली तर हवा कुठे जाईल ते दाखव. भाऊंच्या पत्नी, आमच्या काकू, त्या नकाशांवर पाय न ठेवता आत-बाहेर करायच्या. रात्री उशीर झाला की ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात यायची. न जेवता मी त्या घरून कधी परतलो नाही. काकूंचं देणं वेगळं. सुरक्षा सप्ताहात भाऊंनी कॉलनीतल्या बायकांना केंद्रात बोलवायला लावलं, ते काकूंच्या सांगण्यावरून. सेल्फ रेस्क्युअर कसा दिसतो, बूट फाटला की काय होतं, दोन पाळ्या सलग केलेला माणूस झोपेत कसा चालतो, हे घरच्या बाईला कळलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर आमच्या कॉलनीत फाटक्या बुटाने कुणी कामावर निघालं की दारातूनच परत फिरवलं जायचं.

भाऊंच्या छातीबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. तरुणपणी त्यांनी दगडातून रस्ते काढण्याच्या कामावर ड्रिल मारलं होतं, तेही कोरडं. पाणी सोडून ड्रिल मारायची शिस्त तेव्हा त्या ठिकाणी नव्हती. दगडाच्या धुळीत सिलिका असते. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात-घशात अडकते आणि थुंकीवाटे निघते. पाच मायक्रॉनहून बारीक असते ती दिसत नाही, ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे चट्टे पाडते. ते चट्टे परत भरत नाहीत, आणि माणूस धुळीतून बाहेर आला तरी सिलिकोसिस वाढत राहू शकतो. भाऊंनी शिकवताना हे स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगितलं. पाणी सुरू केल्याशिवाय ड्रिल नाही, हा त्यांचा कडक नियम होता.

आणि तपासणी. खाणीत लागताना एक वैद्यकीय तपासणी होते, मग ठरावीक वर्षांनी पुन्हा: छातीचा एक्स-रे, श्वासाची ताकद, कान, डोळे. कामगार या तपासणीला घाबरतात. अनफिट ठरवतील, काम जाईल. म्हणून खोकला लपवतात, कमी ऐकू येतं ते लपवतात. भाऊ अशांना हाताला धरून नेत. ते म्हणत की छातीत काय आहे ते आज कळलं तर धुळीतून बाहेरच्या कामावर जाता येतं, नुकसानभरपाईचा हक्क सांगता येतो; उद्या कळलं तर दोन्ही जातं. स्वतःच्या वेळी त्यांना हे सांगणारा कुणी नव्हता. निवृत्तीनंतर त्यांचा दम वाढत गेला. शेवटच्या काळात ओसरीपासून फाटकापर्यंत चालताना मध्ये थांबावं लागायचं. मी भेटायला गेलो की विचारायचे, नव्या पोरांना वाफारा देतोस ना? कारण तोवर मीही केंद्रावर शिकवायला लागलो होतो. ते गेले त्या आठवड्यातही मी त्यांच्याजवळ बसलो होतो. बोलणं जवळजवळ नव्हतंच. पुढे काकूही गेल्या.

मी शिकवायला लागलो तोवर खाणकाम बदललं होतं. आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो. तिथे छत नाही, पण डंपर आहेत. शंभर टनांच्या डंपरच्या कॅबिनमध्ये नव्या माणसाला बसवून मी खाली उभा राहायचो आणि विचारायचो, मी दिसतो का? दिसत नाही म्हटलं की चार पावलं मागे जायचो, पुन्हा विचारायचो. जिथे दिसू लागतो तिथे चुन्याची रेघ मारायची. सगळ्या बाजूंनी रेघ पूर्ण झाली की त्याने उतरून ती बघायची. केवढी मोठी जागा चालकाला आंधळी असते, ते पाहून माणसं हादरतात. ही रीत भाऊंची नव्हे, माझी. पण ती सुचली त्यांच्या पातेल्यावरून. मातीचे ढीग किती उंच, किती उताराचे, त्यांना भेगा पडताना कशा ओळखायच्या, हेही शिकवायचो. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात राजमहाल खाणीत असाच प्रचंड ढीग घसरला आणि २३ माणसं गाडली गेली. ती ठेकेदाराकडची माणसं होती.

ठेकेदाराची माणसं, हीच आजची मोठी काळजी आहे. कायम कामगाराला व्हीटी सेंटर, युनियन, पिट सेफ्टी कमिटी, वर्कमन इन्स्पेक्टर असं काहीतरी पाठीशी असतं. ठेक्यावरचा पोरगा दूरच्या राज्यातून येतो, कंटेनरच्या खोलीत राहतो, बारा तास गाडी चालवतो. तो प्रशिक्षणाला येतो तेव्हा त्याचा सुपरवायझर फाटकाशी गाडी चालू ठेवून उभा असतो. मी असे कागद पाहिले आहेत ज्यांवर प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं लिहिलेलं असतं आणि त्या माणसाला सेल्फ रेस्क्युअरची कडी कुठे असते ते माहीत नसतं. संसदेने २०२० साली कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची एकत्र संहिता केली, जुना खाण अधिनियम तीत सामावला. कायद्याचं नाव बदलल्याने मला आनंदही नाही आणि दुःखही नाही. माझा प्रश्न तोच आहे: पोराचा कान तयार होईपर्यंत सही थांबवून धरणारा माणूस त्या खुर्चीवर आहे का? संगणकावर हुबेहूब डंपर चालवायला देणारी यंत्रं आता आली आहेत, ती चांगली आहेत, मी त्यांचं स्वागत करतो. ती पुरेशी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही.

प्रशिक्षण केंद्रांवर आज जे शिकवत आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की न शिकलेल्या माणसाच्या कागदावर सही करू नका. सुपरवायझर गाडी चालू ठेवून उभा असला तर त्याला इंजिन बंद करायला सांगा. आणि वाचकांना एक सांगायचं आहे. खाण म्हणजे फक्त कोळशाची नव्हे. भंडाऱ्या-नागपूरकडची मँगनीजची, गोव्यातली लोहखनिजाची, आणि तुमच्या गावाबाहेर जिथून बांधकामाचा दगड येतो तीही कायद्याने खाणच. तुमच्या घरातलं, शेजारचं, ओळखीचं कुणी तिथे कामाला जात असेल, तर त्याला विचारा की कामाला लागण्याआधी तुला कुणी, काय आणि कशावर शिकवलं; छातीचा एक्स-रे शेवटचा कधी काढला; बाहेर पडायची दुसरी वाट तू चालून पाहिलीस का. उत्तर नाही आलं, तर त्याला प्रशिक्षण मागायला लावा. त्या दिवसांचं वेतन मागणं हा त्याचा हक्क आहे.